मॅक्नॉटनला काय ठाऊक होतं?

"दोषी की निर्दोष?"

"छळ करून करून मला या थराला आणलं."

"असं नाही. दोषी की निर्दोष, यातलं एक सांगा."

"गोळी झाडल्याचा दोषी आहे."

"म्हणजे बाकीचा आरोप, खून करण्याच्या हेतूचा, तुम्हाला मान्य नाही, असंच ना?"

"हो."

फेब्रुवारी १८४३ च्या सुरुवातीला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात डॅनियल मॅक्नॉटनला आरोप वाचून दाखवला, तेव्हाचे हे सवालजवाब. कागदावर नोंद झाली 'निर्दोष' अशी, आणि खटला महिनाभर पुढे गेला. खुनाच्या खटल्यात वेडाचा बचाव घ्यायचा तर आरोपीला नेमकं काय कळत नव्हतं हे दाखवावं लागतं. त्यासाठीची कसोटी आजही याच माणसाच्या नावाने ओळखली जाते. ती इंग्लंडमधून निघाली आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मधून आपल्या सत्र न्यायालयांत येऊन बसली. पण हे नियम त्याच्या खटल्यात लागलेच नाहीत. खटला मार्चमध्ये संपला, नियम जूनमध्ये आले. आधी आले असते तर तो बहुधा फासावर गेला असता.

घटना साधी आहे. २० जानेवारी १८४३, शुक्रवार. पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे खाजगी सचिव एडवर्ड ड्रमंड चेअरिंग क्रॉसजवळच्या बँकेतून निघून डाउनिंग स्ट्रीटच्या दिशेने पायी चालले होते. बँक त्यांच्याच घराण्याची. मागून एक माणूस जवळ आला, त्याने पिस्तूल पाठीला जवळजवळ टेकवून झाडलं आणि दुसरं पिस्तूल काढलं. तेवढ्यात एका पोलीस शिपायाने त्याला धरलं. ड्रमंड स्वतःच्या पायांनी चालत गेले. गोळी त्याच दिवशी काढली, आणि जखम जिवावरची नाही असं सगळ्यांना वाटलं. मग त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी त्यांचं रक्त काढलं, जळवा लावल्या. २५ जानेवारीला ड्रमंड गेले. गोळीने गेले की उपचाराने, ही शंका नंतरच्या लोकांनी घेतली आहे आणि ती अगदीच फोल नाही.

पोलीस कोठडीत एका इन्स्पेक्टरने त्याला सहज विचारावं तसं विचारलं की तू कुणाला गोळी घातलीस ते ठाऊक आहे ना? तो म्हणाला, "सर रॉबर्ट पील, नाही का?" पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं राहिलं. वर्तमानपत्रांत फोटो छापण्याचा जमाना अजून यायचा होता, पंतप्रधानाचा चेहरा दिसायचा तो चित्रांतून आणि व्यंगचित्रांतून. त्याने गोळी घातली ती आपल्या समजुतीतल्या पंतप्रधानाला. मेला तो भलताच.

मॅक्नॉटन ग्लासगोचा लाकूडकातारी. बापाचाही धंदा तोच. अनौरस मुलगा, बापाच्या हाताखाली काम शिकला, मध्ये तीनेक वर्षं नाटकमंडळीत काढली, मग स्वतःचा कारखाना टाकला आणि १८३५ ते १८४० अशी पाच वर्षं तो नीट चालवला. फ्रेंच शिकला, व्याख्यानांना जायचा. पकडला तेव्हा त्याच्याजवळ साडेसातशे पौंडांची बँकेची ठेवपावती सापडली. एका कारागिरासाठी ही फार मोठी रक्कम. या पावतीवरून काही इतिहासकारांनी असाही तर्क लढवला आहे की तो वेडा नव्हताच, राजकीय मारेकरी होता, आणि वेडाचा निकाल सगळ्यांच्याच सोयीचा पडला. मला हा तर्क पटत नाही. काटकसरी, एकट्या, धंदा विकून बसलेल्या माणसाकडे पैसे साठू शकतात. आणि ग्लासगोतली त्याची मागची दोन-तीन वर्षं पाहिली की सोंगाचा संशय टिकत नाही.

तो ग्लासगोच्या पोलीस प्रमुखाकडे गेला होता. आपल्यामागे माणसं लागली आहेत, संरक्षण द्या म्हणून. सुरुवातीला म्हणे क्लाइड स्ट्रीटच्या कॅथलिक प्रार्थनामंदिरातले पाद्री होते, पुढे त्यांत पोलीस आले, जेझुइट पंथाचे कॅथलिक धर्मगुरू आले आणि शेवटी टोरी पक्षाचे, म्हणजे पील यांच्याच पक्षाचे लोक. तो शहराच्या प्रमुखाकडे गेला, खासदाराकडे गेला, बापाला सांगून पाहिलं. कंटाळून फ्रान्सला गेला, तर बुलोन बंदरात पाय ठेवतो न ठेवतो तोच जकात-धक्क्यावरच्या पहारेकऱ्याच्या चौकीमागून एक हेर डोकावताना त्याला दिसला. मग पुढे जाण्यात काय अर्थ, म्हणून तो परत आला.

बेथलेम वेड्यांच्या रुग्णालयाच्या डॉ. मन्रो यांना त्याने तुरुंगात सांगितलेल्या गोष्टींत एक तपशील आहे, तो मला या सगळ्या कागदपत्रांत सर्वांत बोलका वाटतो. रस्त्यावर माणसं त्याला गवताच्या काड्या दाखवायची. हातात पेंढा घेतलेला माणूस समोरून जायचा. बोलायचं कुणी नाही, सगळं खुणांनी. या खुणेचा अर्थ त्याला स्पष्ट होता. वेड्यांच्या इस्पितळात पेंढ्यावर लोळत पडायची पाळी तुझ्यावर आणणार आहोत, असं ते सांगत होते. घोडागाड्यांच्या शहरात रस्त्यावर पेंढा घेतलेला माणूस दिसणं म्हणजे आपल्याकडे भाजीची पिशवी घेतलेला माणूस दिसण्याइतकं साधं. त्याचे डोळे इतर कुणाहीइतकेच धड होते आणि पेंढा खराच होता. त्याचा अर्थ तेवढा त्याचा एकट्याचा होता.

ज्या घरांत तो भाड्याने राहिला तिथल्या बायकांनी काय सांगितलं? शांत, व्यसन नाही, भाडं वेळेवर. वेडाचं सोंग आणणारा माणूस वेड दाखवतो. त्याला प्रेक्षक लागतो, आणि डॉक्टर खोलीबाहेर गेला की तो दमतो. खरा रोगी बहुधा उलट वागतो. आपल्याला जे दिसतं ते इतरांना पटत नाही हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं, म्हणून तो ते झाकतो. 'वेड पांघरून पेडगावला जाणं' आपल्याला चांगलं ठाऊक आहे. शहाणपण पांघरून जाणाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे म्हण नाही, आणि खुनाच्या खटल्यांत पंचाईत होते ती याच माणसाची.

मॅक्नॉटनच्या आधी इंग्रजी कायद्यात ठाम असं काही नव्हतं. १७२४ च्या एका खटल्यात न्यायाधीशाने ज्युरीला सांगितलं होतं की सुटायचं तर माणसाची समज तान्ह्या पोराइतकी, जनावराइतकी, रानटी श्वापदाइतकी गेलेली पाहिजे. या कसोटीवर कोण उतरणार? १८०० मध्ये जेम्स हॅडफील्डने ड्रूरी लेन नाट्यगृहात राजा तिसऱ्या जॉर्जवर गोळी झाडली. हा फ्रान्सच्या लढाईत डोक्यावर तलवारीचे वार झेललेला सैनिक. आपण मेलो की जगाचा उद्धार होईल, पण आत्महत्या पाप, म्हणून सरकारकडून फाशी मिळवायची, असा त्याचा हिशोब. त्याला राजा कोण, पिस्तूल काय, शिक्षा काय, सगळं कळत होतं, किंबहुना शिक्षेसाठीच त्याने ते केलं होतं. त्याचा वकील थॉमस अर्स्किनने ज्युरीला पटवलं की वेडाचा खरा गाभा भ्रम आहे, अक्कल पूर्ण जाणं ही त्याची अट नव्हे. हॅडफील्ड सुटला. सुटला म्हणजे काय, तर त्याला डांबून ठेवता यावं म्हणून संसदेने काही आठवड्यांत खास कायदा केला.

पण बारा वर्षांनी जॉन बेलिंगहॅम आला. ११ मे १८१२ ला त्याने पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना संसदेच्या दालनात गोळी घातली. १५ मे ला खटला, १८ मे ला फाशी. त्याच्या वेडाचे साक्षीदार दूरगावाहून यायचे होते, त्यांच्यासाठी मुदत मागितली ती मिळाली नाही. आठवडाभरात सगळं आटोपलं. मॅक्नॉटनच्या वकिलांनी पहिली गोष्ट मागितली ती तारीख, यामागे बेलिंगहॅमची आठवण असणारच. ती त्यांना मिळाली, ग्लासगोहून साक्षीदार आले, डॉक्टरांना तुरुंगात जाऊन आरोपीशी बोलता आलं. या बचावातली पहिली आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वेळ.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खटला चालला दोन दिवस. सरन्यायाधीश टिंडल आणि सोबत दोन न्यायाधीश. सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल सर विल्यम फॉलेट, आरोपीतर्फे अलेक्झांडर कॉकबर्न, जो पुढे स्वतः सरन्यायाधीश झाला. कॉकबर्नने अमेरिकी डॉक्टर आयझॅक रे याच्या १८३८ च्या वैद्यकीय न्यायशास्त्रावरच्या ग्रंथातले उतारेच्या उतारे वाचून दाखवले. एका विषयापुरता भ्रम असलेला माणूस बाकी सगळ्या व्यवहारात शहाणा असू शकतो, आणि त्या एका विषयापुरती त्याची स्वतःवरची सत्ता साफ गेलेली असू शकते, हा त्याचा मुद्दा. मग एकामागून एक डॉक्टर उभे केले. फोर्ब्स विन्स्लो नावाच्या एका डॉक्टरने तर आरोपीला तपासलंही नव्हतं. तो न्यायालयात बसून साक्षी ऐकत होता, त्यालाच पिंजऱ्यात बोलावलं आणि त्यानेही सांगितलं, वेडा आहे.

इथे टिंडलने फॉलेटला विचारलं की या डॉक्टरांना खोडून काढणारा एखादा डॉक्टर तुमच्याकडे आहे का? नव्हता. सरकारी पक्षाने एकही वैद्यकीय साक्षीदार आणला नव्हता. मग खटला जवळजवळ तिथेच थांबला. टिंडलने ज्युरीला थोडक्यात विचारलं की हे कृत्य करताना ते दुष्ट आणि चुकीचं आहे हे समजण्याइतकी बुद्धी त्याच्या ठिकाणी होती का. ज्युरी उठून बाजूच्या खोलीतही गेली नाही. वेडाच्या कारणावरून निर्दोष.

हे लोकांना झेपलं नाही. पंतप्रधानाचा सचिव भर रस्त्यात मारला जातो आणि मारणारा निर्दोष? त्यातून राणी व्हिक्टोरियावर १८४० मध्ये एडवर्ड ऑक्सफर्डने गोळ्या झाडल्या होत्या आणि तोही याच मार्गाने सुटला होता. १२ मार्चला राणीने पीलला लिहिलेल्या पत्रात संताप स्वच्छ दिसतो. कायदा परिपूर्ण असेलही, पण वापरायची वेळ आली की तो निरुपयोगी कसा ठरतो, असं ती विचारते. आणि पुढे म्हणते की आपण काय करतो आहोत याचं या दोघांनाही पुरेपूर भान होतं, अशी सगळ्यांची मनोमन खात्री आहे.

आता राणीचं हे म्हणणं चूक होतं का? माझ्या मते नाही. मॅक्नॉटनला भान होतंच. गोळीने माणूस मरतो हे ठाऊक, म्हणून तर पिस्तुलं दोन. इंग्लंडमध्ये खुनाला फाशी होते हेही ठाऊक. न्यायालयात 'गोळी झाडल्याचा दोषी' आणि 'खुनाचा दोषी' यांतला फरक त्याने दाखवला, तो कितीतरी शहाण्यांना दाखवता येणार नाही. ठाऊक असण्याचाच प्रश्न असेल तर राणी बरोबर आणि ज्युरी चूक.

सरदारगृहाने, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाने, मग एक जुनी रीत वापरली. समोर खटला नसताना न्यायाधीशांना बोलावून पाच प्रश्न घातले. १९ जून १८४३ ला उत्तरं आली. न्यायमूर्ती मॉल सोडून बाकी सगळ्यांच्या वतीने टिंडलनेच ती वाचली. मॉलने वेगळं मत दिलं आणि आधी तक्रार केली की समोर खटला नाही, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद नाही, अशा हवेतल्या प्रश्नांना उत्तरं दिली तर पुढे न्यायदानाचीच अडचण होईल. त्या दिवशी सर्वांत शहाणं बोलला तो हाच. पण एकट्याच्या बोलण्याला कोण विचारतो.

बहुमताचा नियम असा. प्रत्येक माणूस शहाणा आहे असं धरून चालायचं. वेडाचा बचाव घ्यायचा तर हे स्पष्टपणे सिद्ध झालं पाहिजे की कृत्य करण्याच्या क्षणी, मनाच्या रोगामुळे, आरोपीची विचारशक्ती इतकी बिघडली होती की आपण काय करतो आहोत त्याचं स्वरूप त्याला ठाऊक नव्हतं. किंवा ते ठाऊक असलं तरी आपण चुकीचं करतो आहोत हे ठाऊक नव्हतं. यातला प्रत्येक तुकडा वेगळा सिद्ध करावा लागतो. नुसता रोग असून भागत नाही, रोगामुळे समज बिघडलेली लागते. नुसती समज बिघडून भागत नाही, त्या क्षणी बिघडलेली लागते. आणि क्षण जुळला तरी ज्या गोष्टीची समज गेली ती नेमकी या दोहोंपैकी एक असावी लागते. साखळीतली एक कडी निसटली की गेलं.

मॅक्नॉटनसाठी घातक उत्तरं आणखी दोन होती. एक असं की भ्रमाच्या भरात, समजलेल्या अन्यायाचा सूड म्हणून कृत्य केलं असलं तरी ते देशाच्या कायद्याविरुद्ध आहे हे ठाऊक असेल तर शिक्षा होणार. दुसरं भ्रमाबद्दलच. भ्रमातली गोष्ट खरी आहे असं क्षणभर धरायचं आणि मग कायदा लावायचा. समोरचा माणूस आपला जीव घ्यायला धावून येतो आहे असा भ्रम असेल, तर खरोखर तसं असतं तेव्हा स्वसंरक्षण मान्य झालं असतं, म्हणून सुटका. पण या माणसाने माझी अब्रू घेतली, मला धुळीला मिळवलं, असा भ्रम असेल, तर खऱ्या बदनामीसाठीही कुणाला ठार मारता येत नाही, म्हणून फाशी. कागदावर किती नीटनेटकं! यात वेड्याकडून अपेक्षा अशी की भ्रमाच्या आत शिरल्यावर त्याने तिथे मात्र कायद्याने वागावं, शहाण्या माणसासारखा पुरता तोलून-मापून प्रतिकार करावा. डॉक्टर मंडळी गेली पावणेदोनशे वर्षं या उत्तरावर दात-ओठ खात आली आहेत. आणि मॅक्नॉटनला हे लावून पाहा. टोरींनी त्याची झोप नासवली, त्याची शांती घेतली, अशी त्याची तक्रार. पील काही सुरा घेऊन अंगावर येत नव्हता. फाशी.

पाचवं उत्तर विन्स्लोसाठीच होतं. आरोपीला न तपासता नुसतं न्यायालयात बसून ऐकलेल्या डॉक्टरचं मत घ्यावं का? खरं पाहता नाही, कारण साक्षी खऱ्या की खोट्या हे ठरवणं ज्युरीचं काम. घटनांबद्दल वाद नसेल तर मात्र सोय म्हणून घेता येईल.

इंग्रजीत या सगळ्यासाठी 'know' हे एकच क्रियापद आहे, आणि घोटाळ्याचं अर्धं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं. मराठीत आपण माहीत असणं, कळणं आणि उमजणं यांत फरक करतो. लहान मुलाला आजोबा गेले हे माहीत असतं, ते परत येणार नाहीत हे कळतं काही दिवसांनी, आणि उमजतं कधीतरी मोठेपणी. मॅक्नॉटनला खून हा गुन्हा आहे हे माहीत होतं. आपल्या हातून तो गुन्हा घडतो आहे हे त्याला उमजलं होतं का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि ज्युरीने उत्तर दिलं ते या दुसऱ्या प्रश्नाला. 'कळतं पण वळत नाही' हीही आपली रोजची म्हण. वळत नाही म्हणजे आवरत नाही, या अवस्थेला मॅक्नॉटनच्या नियमांत जागाच नाही. कॉकबर्नने तर आपला बचाव नेमका त्यावर उभा केला होता.

भारतीय दंड संहितेचा मेकॉले आयोगाचा मसुदा १८३७ चा, म्हणजे या खटल्याच्या आधीचा. पण संहिता मंजूर झाली १८६० मध्ये, लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून, आणि कलम ८४ वर १८४३ ची सावली स्पष्ट आहे. मनोविकलतेमुळे जो माणूस कृत्य करतेवेळी त्या कृत्याचं स्वरूप, किंवा आपण करतो ते चुकीचं अथवा कायद्याविरुद्ध आहे हे जाणण्यास असमर्थ असतो, त्याचं कृत्य अपराध होत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २२ म्हणून आलं, मजकूर जवळजवळ तोच. यात दोन शब्द बघण्यासारखे आहेत. एक 'असमर्थ'. ठाऊक नव्हतं एवढं पुरत नाही, ठाऊक होण्याची ताकदच नव्हती असं पाहिजे. दुसरा 'अथवा'. चुकीचं अथवा कायद्याविरुद्ध. कायद्याविरुद्ध आहे हे ठाऊक असूनही ते योग्यच आहे अशी रोगट खात्री असेल, तर?

या 'अथवा'वर दोन खटले एकमेकांसमोर ठेवावेत. १९४८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे एक माणूस आला. त्याला स्वप्नात आज्ञा झाली होती की मुलाचा बळी दे. त्याने पाच वर्षांच्या मुलाला मशिदीत नेऊन त्याचा गळा चिरला. मग चुलत्याला सांगायला गेला, तर तिथे जवळ चौकीदार दिसला, म्हणून चुलत्याला बाजूला तळ्याकडे नेऊन सांगितलं. म्हणजे हे कायद्यात बसत नाही हे त्याला बरोबर कळत होतं. तरीही न्यायालयाने त्याला कलम ८४ चा लाभ दिला, कारण आपण चुकीचं करतो आहोत असं त्याला वाटत नव्हतं, उलट ते योग्यच आहे असं वाटत होतं.

दुसरा खटला मुंबईचा, रामन राघवचा. १९६८ च्या ऑगस्टमध्ये पकडला गेला तोवर उपनगरांतल्या झोपड्यांत आणि पदपथांवर झोपलेली कितीतरी माणसं त्याने मारली होती. पोलीस सर्जनने महिन्याहून अधिक काळ निरीक्षणाखाली ठेवून सांगितलं की स्मृती शाबूत, खटल्याची समज शाबूत, वेडा नाही. नायर रुग्णालयाच्या मानसोपचारतज्ज्ञाने बचावातर्फे सांगितलं की जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. माणसं मारतो आहे हे त्याला कळतं, कायद्याविरुद्ध आहे हेही कळतं, पण आपण करतो ते योग्यच अशी त्याची पक्की धारणा आहे. कलकत्त्याच्या त्या बापासारखीच ही अवस्था. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. रामनने अपील करायला नकार दिला. फाशी कायम करायची का हे ठरवण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं. त्यांनी पाच वेळा, दर खेपेला दोनेक तास, त्याच्याशी बोलून रोगाचं निदान कायम केलं. त्याच्या लेखी जगं दोन होती, एक हे आणि दुसरं 'कानून'चं. शेवटच्या भेटीअखेर डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला, तर त्याने तो घेतला नाही. मी 'कानून'चा प्रतिनिधी, या पापी जगातल्या माणसांना शिवणार नाही. फाशीची जन्मठेप झाली, ती रोग बरा होणारा नाही म्हणून. कलम ८४ लागून तो सुटला, असं मात्र घडलं नाही. १९९५ मध्ये पुण्यात ससूनला मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला.

फौजदारी वकिलीत मुरलेली माणसं सांगतात की हा बचाव बहुतेक वेळा कलमाच्या अर्थावर पडत नाही, तो कागदांवाचून पडतो. घरात कुणाला असा रोग असेल तर आपल्याकडे तो लपवला जातो. बहिणीचं लग्न अडेल, शेजारी बोलतील. भगताकडे, दर्ग्यावर, देवस्थानावर नेऊन आणलेलं असतं, त्याची चिठ्ठी मिळत नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवलं असेल तर केसपेपर हरवलेला. मग न्यायालयात भाऊ सांगतो, 'त्याच्या डोक्यावर परिणाम झाला होता.' एवढ्याने काही होत नाही. घटनेनंतर अटक, महिनाभराने येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात निरीक्षण. तोवर तुरुंगात औषधं सुरू झालेली, माणूस निवळलेला. डॉक्टर प्रामाणिकपणे लिहितो की सध्या मनःस्थिती ठीक. हा अहवाल खटला चालवण्याजोगी स्थिती आहे का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर असतो. घटनेच्या क्षणाशी त्याचा संबंध नाही. या दोन प्रश्नांची गल्लत मुरलेले वकीलही करतात.

दुसरी चूक डावपेचाची. 'तो तिथे नव्हताच' आणि 'होता पण वेडा होता' असे दोन्ही बचाव एकदम घ्यायचे. उलटतपासणीत पहिल्यावर जोर दिला की दुसरा पोकळ होतो.

पुरावा अधिनियमाच्या जुन्या कलम १०५ प्रमाणे हा अपवाद शाबित करायचा भार आरोपीवर. पण किती? सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं की सरकारी पक्षाला लागतो तसा निःसंशय पुरावा आरोपीला लागत नाही. शक्यतेचं पारडं त्याच्याकडे झुकलं तरी पुरे. तेवढंही जमलं नाही, पण जो पुरावा आला त्यातून गुन्ह्याच्या हेतूबद्दलच रास्त शंका उभी राहिली, तरी तो सुटतो. आणि तो निर्णायक क्षण थेट दिसत नाही, म्हणून त्याच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं बघायचं. हत्यार लपवलं का? पळाला का? रक्ताचे कपडे धुतले का? तपासात वेडाचा पूर्वेतिहास दिसला तर वैद्यकीय तपासणी करून घेणं हे तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि ती टाळली तर तो सरकारी पक्षाच्या बाजूतला दोष मानावा, हेही सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे.

२००२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात हे सगळं जुळून आलं. १९९४ च्या एप्रिलमध्ये त्याने दिवसाढवळ्या बायकोच्या डोक्यात वाटणाचा दगड घातला. कारण काय, तर त्याला पोलिसाची नोकरी सोडायची होती आणि तिचा विरोध होता. लपला नाही, पळाला नाही. वडिलांना मानसिक आजार होता. स्वतःवर १९९२ पासून उपचार चालू होते. आणि घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर या काळात त्याला पंचवीस वेळा इस्पितळात न्यावं लागलं होतं. हे पंचवीस आकडे तुरुंगाच्या नोंदींत होते म्हणून उपयोगी पडले. घरच्यांनी तोंडी सांगितलेले पंचवीस झटके पडले नसते. सत्र आणि उच्च न्यायालयात दोषी ठरलेला हा माणूस सर्वोच्च न्यायालयात कलम ८४ खाली निर्दोष ठरला.

पण 'निर्दोष' म्हणजे घरी, असं समजू नये. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम ३३४ प्रमाणे अशा निकालात न्यायालयाला स्पष्ट लिहावं लागतं की कृत्य आरोपीने केलं की नाही. केलं असेल तर ३३५ प्रमाणे त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचं, किंवा नातेवाईक हमी देऊन सांभाळायला तयार असेल तर त्याच्या हवाली करायचं. नव्या संहितेत आकडे बदलले, व्यवस्था तीच. नातेवाईक पुढे येतातच असं नाही. मेलेली व्यक्ती बहुधा त्याच घरातली असते.

व्हिक्टोरियाने मात्र हा 'निर्दोष' शब्द शेवटपर्यंत सहन केला नाही. १८८२ मध्ये तिच्यावर आणखी एकाने गोळी झाडली, तोही वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरला. दुसऱ्या वर्षी कायदा बदलून निकालाचे शब्द 'दोषी, पण वेडा' असे करण्यात आले. इंग्लंडने ते परत बदलले १९६४ मध्ये.

मॅक्नॉटन बेथलेमच्या गुन्हेगार-विभागात एकवीस वर्षं राहिला. कुणाशी फारसा बोलत नसे. एका काळात त्याने अन्न सोडलं, तेव्हा नळी घालून भरवावं लागलं. विणकाम करत बसे. १८६४ मध्ये वेड्या गुन्हेगारांसाठी नव्याने उघडलेल्या ब्रॉडमूरच्या इस्पितळात त्याला हलवलं. तिथे दाखल करताना डॉक्टरांनी त्याच्याशी बोलून नोंद केली आहे की माणूस हुशार आहे, घडलेलं सगळं नीट सांगतो. त्या वेळी आपण भानावर नव्हतो असं आता वाटतं का, असं त्यांनी त्याला विचारलं.

"तसा निकाल होता," तो म्हणाला. "साक्षीपुरावा ऐकून ज्युरीने दिलेलं ते मत."

३ मे १८६५ ला तो तिथेच वारला.